पिवळा भात

छत्तीस वर्षें आम्हीं शाळेंत मुलांना संस्कृत व मराठी शिकविलें. उत्तरपत्रिका तपासतांना तांबड्या शाईची जी सवय हातास लागली ती सेवानिवृत्तीनंतरही सुटली नाहीं. घरांत कोणी ‘आशिर्वाद’ असें ऱ्हस्व लिहिलें कीं आमचा हात पेन्सिलीकडे जावयाचाच. परंतु २०२३ सालच्या श्रावणांत एका बरोबर उत्तरावर आम्हीं चुकीची खूण केली, आणि ती चूक आमच्या सहधर्मचारिणीच्या जिवावर बेतली. ती हकीकत सांगण्यांत आमची शोभा होते असें नाहीं. पण ज्या घरांत वडील माणसें आहेत व औषधांची फळी भरलेली आहे, त्या घरांतील वाचकांच्या ती उपयोगीं पडेल, म्हणून सांगतों.

आमच्या पत्नीस वयाच्या दहाव्या वर्षीं सांधे धरून मोठा ताप आला होता. त्यास रुमॅटिक फीव्हर म्हणतात. हा ताप सांध्यांना चाटून जातो, पण हृदयास चावतो, असें डॉक्टर लोक म्हणतात. त्या तापानें तिच्या हृदयाच्या डाव्या बाजूची झडप हळूहळू आक्रसत गेली, आणि पन्नाशी उलटल्यावर हृदयाची लय बिघडली. निरोगी हृदयाचे वरचे दोन कप्पे ठराविक तालावर आकुंचन पावतात. या विकारांत ते नुसते थरथरत राहतात. एट्रियल फिब्रिलेशन असें त्याचें नांव. नाडीवर बोट ठेवावें तर दोन ठोके घाईचे, मग एक उशिरा, मग पुन्हां तीन घाईचे. त्यांत मेळ म्हणून सांपडत नाहीं. आम्ही थट्टेनें म्हणत असूं कीं, तुझ्या नाडीला वृत्त नाहीं, ती सारी मुक्तछंदांत चालते. थट्टा खरी, पण थरथरणाऱ्या कप्प्यांत रक्त साचून राहतें, त्याची गुठळी होते, आणि ती सुटून मेंदूंत गेली तर क्षणांत अर्धांगवायु होतो, हेंही आम्हांस पुण्याच्या हृदयरोगतज्ज्ञांनीं नीट समजावून दिलें होतें.

यासाठीं तिला तीन औषधें होतीं. ठोक्यांची गति आंवरण्यासाठीं डिगॉक्सिन, अंगांतलें जास्तीचें पाणी लघवीवाटे काढण्यासाठीं फ्युरोसेमाइड, आणि रक्ताची गुठळी होऊं नये म्हणून असेनोकौमारॉल. डिगॉक्सिनची पाव मिलिग्रॅमची गोळी अर्धी, तीही आठवड्यांतून पांचच दिवस. शनिवारीं व रविवारीं सुट्टी. या सुट्टीमुळें ती गोळी आम्हांस आमच्या शाळेंतलीच वाटे. औषधांचा सारा कारभार आमच्याकडे होता. पुठ्ठ्यावर वेळापत्रक आंखून तें आम्हीं फडताळाच्या दारावर लाविलें होतें, आणि सात वर्षांत एक गोळी चुकली नाहीं, याचा आम्हांस उघड अभिमान होता.

त्या वर्षीं अधिक श्रावण आला होता. निज श्रावणांत तिला खोकला धरला. आमच्या धाकट्या बंधूंचें कुटुंब हाताचें गुणी. त्यांनीं ज्येष्ठमध व अडुळसा घालून काढा केला, आणि मोठ्या जाऊबाईंस सकाळ-संध्याकाळ पेलाभर द्यावयाचा, असा नेम तीन आठवडे चालविला. तरी खोकला हटेना, तेव्हां आम्ही तिला आळींतील डॉक्टरांकडे घेऊन गेलों. त्यांनीं छाती तपासली, क्लॅरिथ्रोमायसिन नांवाचें जंतुनाशक औषध सात दिवस लिहून दिलें, व विचारलें, “दुसरें कांहीं औषध चालू आहे का?”

आम्ही म्हणालों, “नेहमींच्या गोळ्या आहेत. त्या पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांच्या आहेत, त्यांची काळजी नको.”

“नांवें सांगाल का?”

“नांवें घरीं लिहिलेलीं आहेत. उद्यां कळवितों.”

तो उद्यां उगवला, पण आम्हीं कळविलें नाहीं. मुलानें ‘वही घरीं राहिली’ असें सांगितलें तर आम्ही त्यास बांकावर उभें करीत असूं. आमची वही फडताळाच्या दारावर राहिली, आणि आम्हांस कोणी उभें केलें नाहीं.

चौथ्या दिवसापासून तिची अन्नावरची वासना उडाली. मळमळे, थकवा वाटे, दुपारीं पडून राही. खोकल्यानें अशक्तपणा आला असेल, असें घरांत सर्वांचें मत पडलें. पुढें श्रावणांतला शेवटचा सोमवार आला. नको म्हटलें तरी तिनें उपास धरलाच. संध्याकाळीं उपास सोडावयास पानें वाढलीं. साधा वाफेचा भात, त्यावर तूप. तिनें पानाकडे पाहिलें आणि जाऊबाईंस विचारलें, “भातांत आज हळद कां घातलीत?”

“कुठें हो? भात पांढराच आहे,” असें वहिनी म्हणाल्या.

तिनें पुन्हां पाहिलें. “मला पिवळा दिसतो.”

आम्हीं शेजारच्या पानावरून निकाल दिला, “भात पांढरा आहे. चष्मा पूस.”

तिनें पदरानें चष्मा पुसला, डोळ्यांवर चढविला, पानाकडे एकवार पाहिलें, आणि पुढें एक शब्द न बोलतां दोन घांस खाऊन ती उठली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं नेहमींप्रमाणें आम्हीं तिची नाडी पाहिली, आणि आश्चर्य असें कीं नाडी अगदीं नियमित लागली. एकामागून एक सारख्या अंतरानें ठोके. आम्हांस इतका आनंद झाला कीं आम्हीं घरभर सांगितलें, “अहो, हिची नाडी वृत्तांत आली; आतां चांगला अनुष्टुभ् चालला आहे!” शार्ङ्गधरसंहितेंत नाडीच्या चालीस सर्प, बेडूक, हंस अशा प्राण्यांच्या गतीच्या उपमा दिल्या आहेत, त्या आम्हांस अवगत होत्या, म्हणून आपणांस नाडी कळते, असा आमचा समज होता. चाल पाहिली, ठोके मात्र मोजले नाहींत.

बुधवारीं रात्रीं आमची पुतणी गणपतीसाठीं पुण्याहून आली. ती औषधनिर्माणशास्त्राच्या तिसऱ्या वर्षास होती. काकूंस पाहतांच तिचा चेहरा बदलला. तिनें मनगट धरून घड्याळ लाविलें व विचारलें, “काका, ठोके मोजलेत का? हे चाळीसच भरतात.” मग ती म्हणाली, “घरांतलें सगळें औषध मला दाखवा. वेळापत्रकांतलें नव्हे, सगळें.”

ताटांत एकेक वस्तु येऊं लागली. आमच्या तीन गोळ्या, आळींतील डॉक्टरांची पट्टी, काढ्याचें पातेलें. आणि शेवटीं आमच्या पत्नीनें आपल्या शिवणाच्या डब्यांतून गुडघेदुखीच्या गोळ्यांची एक पट्टी काढून ठेविली. शेजारच्या बाईंनीं दिलेली. “मला सांगितलें कां नाहींस?” असें आम्हीं विचारलें. ती म्हणाली, “तुम्हीं व्याख्यान दिलें असतें.”

पुतणीनें तिला विचारलें, “काकू, डोळ्यांना कांहीं वेगळें दिसतें का?”

तिनें आमच्याकडे पाहिलें. “कांहीं नाहीं ग. भात पिवळा दिसतो एवढेंच. पण यांनीं तो पांढरा आहे म्हणून सांगितलें.”

त्या रात्रीं अकरा वाजतां आम्ही तिला रुग्णालयांत नेलें. नाडी ३८. रक्तांतील डिगॉक्सिन असावें त्याच्या तिपटीहून अधिक. पोटॅशियम साडेतीनाच्या खालीं असूं नये, तें २.८. रक्त गोठण्याचा जो आयएनआर नांवाचा आंकडा या औषधावर २ ते ३ यांच्या दरम्यान राखावयाचा, तो ५.६; बांगड्यांच्या खालीं मनगटावर जे काळे-निळे डाग आम्हीं पाहिले होते, त्यांचा अर्थ तेव्हां कळला. डिगॉक्सिन व असेनोकौमारॉल तत्काळ बंद करण्यांत आलें, शिरेंतून पोटॅशियम देऊं लागले, आणि पांच दिवस तिच्या हृदयाचे ठोके पडद्यावर उमटत राहिले. त्या वर्षीं घरचा गणपति बंधूंनीं बसविला. आम्ही रुग्णालयाच्या बांकावर होतों.

तिसऱ्या दिवशीं तेथील डॉक्टरांनीं आम्हांस कागदावर आकृति काढून सर्व समजाविलें, आणि पहिल्याच वाक्यास आमचें मस्तक खालीं गेलें. ते म्हणाले, “गुरुजी, ही नाडी नियमित झाली तीच धोक्याची खूण. वरच्या कप्प्यांचा निरोप खालच्या कप्प्यांस पोंचण्याची वाट बंद पडली, आणि खालचा भाग स्वतःच्या मंद गतीनें एकटा चालूं लागला.” ज्या विकारांत नाडी अनियमित असावयाची, त्यांत ती एकाएकीं मंद व नियमित होणें हें डिगॉक्सिनच्या विषबाधेचें जुनें ओळखीचें लक्षण आहे. आम्हीं ज्यास अनुष्टुभ् म्हणून घरभर मिरविलें, तें तें लक्षण होतें.

आणि पिवळा भात? त्याची नोंद तर १७८५ सालीं झालेली आहे. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्यानें श्रॉपशायर परगण्यांतील एका वृद्ध स्त्रीच्या घरगुती औषधाची १७७५ सालीं माहिती मिळविली. जलोदरावरील त्या औषधांत वीसाच्या आसपास वनस्पति होत्या. त्यांत गुण आहे तो फॉक्सग्लव्ह या एकाच फुलझाडाचा, हें त्यानें ओळखलें, आणि दहा वर्षें रोग्यांवर अनुभव घेऊन ग्रंथ लिहिला. मात्रा अधिक झाली तर ओकारी येते, वस्तु हिरव्या वा पिवळ्या दिसतात, आणि नाडी मिनिटास ३५ पर्यंत उतरते, हें त्यानें त्यांत स्वच्छ लिहून ठेविलें. त्याच कुळांतील झाडापासून १९३० सालीं डिगॉक्सिन वेगळें काढण्यांत आलें. आपल्या अंगणांतली पिवळी कण्हेर, जिला कित्येक बिट्टी म्हणतात, तिचें विषही याच जातीचें. म्हणजे आमची पत्नी दोनशें अडतीस वर्षांपूर्वींच्या ग्रंथास धरून बोलत होती, आणि आम्ही तिला चष्मा पुसावयास सांगत होतों.

आतां प्रश्न असा कीं, सात वर्षें जी अर्धी गोळी अमृतासारखी चालली, ती एकाएकीं विष कशानें झाली? गोळी तीच, मात्रा तीच, वेळही तीच. बदलली ती तिच्या भोंवतालची मंडळी. डिगॉक्सिन शरीरांतून बाहेर टाकण्यासाठीं आंतड्यांत व मूत्रपिंडांत पेशींचे सूक्ष्म पंप असतात. क्लॅरिथ्रोमायसिन तें पंप रोधून धरतें. मग रोजची अर्धी गोळी आंत येते, बाहेर जाण्याची वाट अडते, आणि रक्तांत सांठा वाढत जातो. कॅनडांतील ऑन्टॅरिओ प्रांतांतील वृद्ध रोग्यांच्या नोंदी तपासून २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, डिगॉक्सिनच्या विषबाधेनें रुग्णालयांत आलेल्यांस आधल्या आठवड्यांत हें जंतुनाशक मिळालेलें असण्याचा संभव इतरांच्या सुमारें बारापट दिसून आला. म्हणजे ही गोष्ट छापून वीस वर्षें झालीं होतीं. आळींतील डॉक्टरांस आम्हीं तें एक नांव सांगितलें असतें, तर त्यांनीं दुसरें औषध दिलें असतें. त्यांचा यांत दोष नाहीं. त्यांनीं दोनदां विचारलें होतें.

ज्येष्ठमधाची गोष्ट आम्हांस अधिक लागली. कारण तें तर घरचें, गोड, निरुपद्रवी. पण त्यांतील ग्लिसिरायझिन या द्रव्यानें शरीरांतील पोटॅशियम लघवीवाटे जाऊं लागतें. फ्युरोसेमाइडनेंही तें जातेंच. त्यांत उपास व अरुचि. हृदयाच्या पेशींवर ज्या ठिकाणीं डिगॉक्सिन बसतें, त्याच ठिकाणासाठीं पोटॅशियम त्याच्याशीं स्पर्धा करतें. पोटॅशियम घटलें कीं डिगॉक्सिनला मैदान मोकळें. गुडघ्याच्या गोळीनें मूत्रपिंडाचें काम मंदावलें, आणि रक्तस्रावाचें भय वाढविलें तें वेगळेंच. वहिनींनीं प्रेमानें काढा केला, शेजारणीनें मायेनें गोळी दिली, डॉक्टरांनीं खोकल्यास योग्य तेंच औषध दिलें, आम्हीं वेळापत्रक चोख पाळलें. प्रत्येकानें भलेंच केलें; त्या भल्यांची बेरीज कोणी केली नाहीं.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत विरुद्ध आहाराचें सविस्तर विवेचन आहे. मध चांगला, तूप चांगलें, पण दोन्ही समभाग एकत्र करूं नयेत, हें आम्हीं विद्यार्थिदशेंत पाठशाळेंत शिकलों व पुढें कित्येकांस सांगितलें. पदार्थाचा गुण त्याच्या एकट्यावर अवलंबून नसतो, संयोगावर असतो, हा सिद्धांत आमच्या तोंडीं होता. तो स्वयंपाकघरांतून औषधांच्या फडताळापर्यंत मात्र आम्हीं कधीं नेला नाहीं.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचें शास्त्रही त्या बांकावर बसून आम्हीं थोडें समजून घेतलें. १९२० च्या सुमारास कॅनडांत व उत्तर अमेरिकेंत गुरें अंतर्गत रक्तस्रावानें मरूं लागलीं. स्वीट क्लोव्हर नांवाचा, आपल्याकडील लसूणघासासारखा चारा कुजला कीं त्यांत एक विष तयार होतें, हें त्याचें कारण निघालें. विस्कॉन्सिन विद्यापीठांत कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेनें १९३९ सालीं तें द्रव्य शुद्ध स्वरूपांत मिळविलें. त्यावरून पुढें वॉर्फरिन निघालें. १९४८ सालीं तें उंदीर मारण्यासाठीं विकूं लागले, आणि १९५४ पासून माणसांस औषध म्हणून मान्य झालें. असेनोकौमारॉल त्याचेंच भावंड. हीं औषधें व्हिटॅमिन के च्या कार्यास विरोध करून रक्त गोठण्याचें प्रमाण उतरवितात. तें व्हिटॅमिन पालक, मेथी, कोथिंबीर अशा पालेभाज्यांत विपुल असतें. भाजी एकाएकीं वाढविली तर औषधाचा जोर उतरतो, एकाएकीं सोडली तर चढतो. आमच्या घरीं चातुर्मासांत शाकव्रत पाळून पालेभाजी वर्ज्य करण्याची वहिवाट आहे. श्रावणांत आमच्या घरून मेथी गेली, सोमवारचे उपास आले, वर तें जंतुनाशक औषध. आयएनआर चढला यांत नवल काय! डॉक्टरांनीं व्रत मोडावयास सांगितलें नाहीं. भाजी खा, पण बारा महिने सारख्या मापानें खा. आणि व्रत धरावयाचें असेल तर आधीं सांगा, म्हणजे रक्त तपासून मात्रा ठरवितां येईल, इतकेंच ते म्हणाले.

अशा आणखी कांहीं जोड्या वाचकांच्या कानीं असाव्यात. हृदयाची लय सांभाळणारें अमिओडॅरोन हें औषध फार गुणकारी, पण तें डिगॉक्सिन व वॉर्फरिन या दोघांचाही जोर वाढवितें. म्हणून तें सुरू करतांना डॉक्टर डिगॉक्सिनची मात्रा बहुधा निम्मी करतात, व वॉर्फरिनची तिसरा हिस्सा ते निम्म्यापर्यंत कमी करतात. त्याचा अंमल गोळी थांबविल्यावरही कित्येक आठवडे, कधीं महिने टिकतो. तेव्हां ‘तें तर मागेंच बंद केलें’ हें उत्तर पुरेसें नव्हे. जुलाबावर दिलें जाणारें मेट्रोनिडॅझोल व बुरशीवरचें फ्लुकोनॅझोल हीं वॉर्फरिनचा जोर वाढवितात. क्षयावरील रिफॅम्पिसिन तो उतरवितें. २०१० नंतर डॅबिगॅट्रानसारखीं नवीं औषधें आलीं. त्यांस वरचेवर आयएनआर लागत नाहीं, भाजीचेंही बंधन नाहीं. पण ज्यांची झडप आमच्या पत्नीप्रमाणें फार आक्रसलेली आहे त्यांस तीं चालत नाहींत, आणि इतर औषधांशीं त्यांचीही जुगलबंदी आहेच.

हें सर्व वाचून कोणी भिऊन गोळ्या बंद करील, तर आमच्या लिहिण्यानें उपकार न होतां अपकार होईल. रक्त पातळ ठेवणारी गोळी मनानें सोडणें म्हणजे गुठळीस आमंत्रण देणें होय. औषध सोडणें, धरणें, मात्रा बदलणें हें डॉक्टरांचें काम. घरांत काय काय चालू आहे तें त्यांस पुरतें सांगणें हें आपलें काम. तें काम आम्हीं केलें नाहीं, एवढाच या कथेचा मथितार्थ.

आतां फडताळावरचा पुठ्ठा आम्हीं काढून टाकिला आहे. त्याच्या जागीं एक लहान वही आहे. ती पिशवींत घेतल्यावांचून आम्ही दवाखान्याची पायरी चढत नाहीं, मग दांत दुखत असो कीं डोळे तपासावयाचे असोत. तींत गोळ्या आहेत, तसे काढेही आहेत, चूर्णेंही आहेत, उपासांच्या तिथीही आहेत. नवें कांहीं घरांत आलें, तें कोणाच्या कितीही मायेनें आलेलें असो, आधीं त्याचें नांव वहींत चढतें, मग विचारणा होते, मग तें पोटांत जातें. नाडी रोज सकाळीं पुरें एक मिनिट घड्याळ लावून मोजावयाची व आंकडा लिहावयाचा. वहीचें नियंत्रण पुतणीकडे आहे; महिन्यांतून एकदां ती तपासते, आणि आमच्या अक्षराखालीं तांबड्या शाईनें खुणा करते. आम्हीं तक्रार केलेली नाहीं.

पत्नीचें डिगॉक्सिन बंद झालें. त्याच्या ऐवजीं डॉक्टरांनीं दुसरी गोळी दिली आहे. नाडी पुन्हां पूर्वींसारखी मुक्तछंदांत चालते, आणि तो छंद ऐकून आम्हांस आतां समाधान वाटतें.

घरीं आल्यावर पहिल्या दिवशीं वहिनींनीं तिच्या पानांत साधा भात वाढला, आणि सगळें घर तिच्या तोंडाकडे पाहूं लागलें. तिनें भाताकडे पाहिलें, मग आमच्याकडे पाहिलें, आणि म्हणाली, “पांढरा आहे. पण तुम्ही एकदां पाहून सांगा बरें.”

वहिनी हंसल्या, पुतणी हंसली. आम्हीं मान खालीं घालून आपला भात कालविला. तेव्हांपासून रोज जेवतांना आम्ही तिला भात कसा दिसतो तें विचारतों. ती सांगेल तें उत्तर आम्ही तपासत नाहीं, लिहून ठेवितों.